कूलर, पाणी आणि वीज

(उन्हाळ्याच्या तोंडावर सावरगाव येथील ग्रामस्थ व शिक्षक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णा आणि दुसऱ्या तीरावर सावरगाव, हे भूगोलाने कधीच ठरविलेले आहे. राज्यांच्या सीमा मात्र माणसांनी ठरविल्या. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातील सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हाही झाला. इतके सारे बदल झाले तरी येथील उन्हाळा नागपूरचाच राहिला. सातपुड्याच्या पायथ्याशी वैशाखात वाहणारा वारा सीमा विचारीत नाही. त्या वाऱ्यावर उपाय म्हणून घरोघरच्या खिडकीशी जे यंत्र उभे राहते, ते म्हणजे कूलर, हेही सीमेच्या दोन्ही बाजूंस सारखेच आहे. दुर्दैवाने त्या यंत्राच्या धक्क्याने माणूस दगावल्याची बातमीही दोन्ही बाजूंस दर उन्हाळ्यात येते. पाणी भरावयास गेलेली गृहिणी, खेळता खेळता पत्र्याला हात लावणारे मूल, त्याला ओढावयास धावलेला बाप, अशा या बातम्या असतात. महाराष्ट्रात वीज वितरण कंपनीला दर वर्षी याविषयी आवाहन प्रसिद्ध करावे लागते, यावरून या गोष्टीचे गांभीर्य ध्यानी यावे.

कूलर हे यंत्र वस्तुतः अत्यंत साधे आहे. कोरड्या हवेला पाणी पाजणे, एवढेच त्याचे काम. वैशाखातील दुपारी पारा ४२ अंशांवर असतो तेव्हा हवेतील सापेक्ष आर्द्रता पुष्कळदा २० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे त्या उष्णतेच्या हवेत जेवढी वाफ मावू शकते तिचा केवळ पाचवा हिस्सा तीत असतो. अशी हवा ओल्या ताटीतून ओढली की पाण्याची वाफ होऊ लागते, आणि वाफ होण्यास लागणारी उष्णता पाणी त्या हवेतूनच घेते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. एवढ्या उष्णतेत सात लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल. ही उष्णता खोलीतील हवेतून जाते म्हणूनच खोली थंड होते.

शाळेतील शिक्षकांना हे मुलांपुढे फार थोड्या खर्चात दाखविता येईल. दोन सारखे तापमापक घ्यावेत. एकाच्या फुग्याभोवती सुती चिंधी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे. दोन्ही सावलीत, वाऱ्याच्या झोतात ठेवावेत. कोरडा तापमापक ४२ अंश दाखवीत असेल आणि हवेत २० टक्के आर्द्रता असेल, तर ओला तापमापक २४ अंशांच्या आसपास येऊन थांबेल. मधले १८ अंशांचे अंतर हेच कूलरचे भांडवल होय. चांगल्या ताटीचा कूलर त्यातील तीनचतुर्थांश तरी वसूल करतो, म्हणजे खोलीत २८-२९ अंशांची हवा येते. आता हाच प्रयोग श्रावणात करावा. बाहेर २८ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असताना ओला तापमापक जेमतेम तीन अंश खाली उतरतो. पावसाळ्यात कूलर लावला की अंग चिकट होते आणि भिंतींना दमट वास येतो, त्याचे कारण हे असे आहे. कूलर बिघडलेला नसतो. हवेलाच तहान उरलेली नसते.

हवेला ओल देण्याची ही विद्या या भागाला नवी नाही. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून खोली थंड करण्याच्या प्रथेचा उल्लेख अबुल फजलाच्या ‘आईन-इ-अकबरी’त आहे. इंग्रज अमदानीत १८३० नंतर ‘थर्मँटिडोट’ नावाचे एक धूड प्रचारात आले. लाकडी पेटीत पंखा, पंख्याला हाताने फिरवावयाचा दांडा आणि पेटीच्या तोंडाशी ओली वाळ्याची ताटी, अशी त्याची रचना असे. दांडा फिरविणारा नोकर बाहेर उन्हात आणि साहेब आत गारव्यात. आजच्या कूलरमध्ये त्या नोकराच्या जागी विजेची मोटार आणि पाणी शिंपडणाऱ्याच्या जागी छोटा पंप आला, बाकी रचना तीच राहिली. तथापि नोकराच्या हाताने कोणाला धक्का लागत नसे, हा फरक मात्र विसरता येत नाही.

कापसाच्या या मुलखाला दुसरेही एक उदाहरण जवळचे आहे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये हवा दमट ठेवणारी यंत्रे फार लवकर बसविण्यात आली. हिंदुस्थानात ती पहिलीच होती. याचे कारण माणसाच्या सुखापेक्षा सुताचे सुख हे होते. कोरड्या हवेत कापसाचा धागा ठिसूळ होतो, तुटतो, तंतूंवर स्थिर विद्युत् साचून ते एकमेकांपासून फिसकारतात. कातकामास ५५ ते ६५ टक्के आर्द्रता लागते आणि विणकामास त्याहूनही अधिक. ती गिरणी आता बंद झालेली आहे. पण येथील शेतातला कापूस ज्या नागपुरात जाऊन सूत होत असे, तेथे हवेतील ओलाव्याचे मोल शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच ओळखले गेले होते. अमेरिकेतही १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर नावाच्या अभियंत्याने ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द प्रथम वापरला, तो सूतगिरणीतील हवेला ओल देण्याच्या संदर्भातच. पुढे त्या शब्दाने नेमका उलट धंदा, म्हणजे हवेतील ओल काढून घेण्याचा, पत्करला ही गंमतच म्हणावयाची.

आता थोडे दूर जावे लागेल. सावरगाव-पांढुर्ण्यासारख्या गावांतून शिकून बाहेर पडलेली मुले आज अमेरिकेत आणि कॅनडात स्थायिक झालेली आढळतात. तेथील घराच्या तळघरात ‘फर्नेस’ म्हणजे गॅसची मोठी भट्टी असते आणि तिच्यावर तापलेली हवा पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत सोडली जाते. बाहेर शून्य अंश तापमान असते तेव्हा एक घनमीटर हवेत पाच ग्रॅम वाफसुद्धा मावत नाही. तीच हवा आत आणून २० अंशांपर्यंत तापविली की तिची क्षमता सतरा ग्रॅमांवर जाते, वाफ मात्र पूर्वीइतकीच राहते. परिणामी घरातील आर्द्रता वीस-बावीस टक्क्यांवर येते. म्हणजे माघातील शिकागोचे बंद घर आणि वैशाखातील सावरगावचे उघडे अंगण, दोन्हीकडे हवा सारखीच कोरडी! तेथेही ओठ फुटतात, नाकातून रक्त येते, लाकडी सामानाला भेगा पडतात. म्हणून तेथे भट्टीच्या नळावर आर्द्रतायंत्र बसवितात. ओल्या ताटीतून गरम हवा जाते आणि ओल घेऊन घरभर पसरते. तत्त्व कूलरचेच आहे, हेतू मात्र गारव्याचा नसून केवळ ओलाव्याचा आहे.

या यंत्राची विजेची जोडणी मुद्दाम पाहण्यासारखी आहे, कारण येथे सांगावयाच्या गोष्टीचे मर्म तीत आहे. तेथील घरात १२० व्होल्टचा दाब असतो. पण पाण्याची झडप उघडणारी तार त्या दाबावर चालवीत नाहीत. मध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर घालून दाब २४ व्होल्टवर उतरवितात. त्या ट्रान्सफॉर्मरपासून निघालेली तार आर्द्रता मोजणाऱ्या आपोआप खटक्यातून जाते, तेथून विजेवर उघडणाऱ्या झडपेकडे जाते आणि झडपेतून परत ट्रान्सफॉर्मरकडे येते. हवा पुरेशी दमट झाली की खटका तुटतो, झडप मिटते आणि पाणी थांबते. दुसरी दक्षता अशी की भट्टीचा पंखा फिरत असेल तेव्हाच या मंडळाला वीज मिळावी. नाहीतर हवा स्थिर आणि पाणी मात्र वाहते, असे होऊन नळातच ओल साचते. यासाठी पंख्याच्या तारेतील प्रवाह ओळखणारा रिले बसवितात. पंख्याची मोटार अनेक वेगांची असेल तर तिच्या एखाद्या रिकाम्या तारेवरून ट्रान्सफॉर्मरला वीज देणे धोक्याचे ठरते, कारण त्या तारांवर मोटार स्वतःच अवाजवी दाब उत्पन्न करते आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. काही भट्ट्यांच्या पट्टीवर आर्द्रतायंत्रासाठी वेगळा जोडबिंदू दिलेला असतो, पण तो काही ठिकाणी १२० व्होल्टचा आणि काही ठिकाणी २४ व्होल्टचा असतो. म्हणून जाणता कारागीर मेन बंद करून झाकण उघडतो, आकृती वाचतो, मापकाने दाब पाहतो आणि मगच तार जोडतो.

या सगळ्याचे सार एवढेच की जेथे पाणी आहे तेथे त्या लोकांनी विजेचा दाब उतरवून नेला. आपल्याकडे काय होते? २३० व्होल्टची, म्हणजे त्यांच्या जवळजवळ दुप्पट दाबाची वीज पत्र्याच्या पेटीत नेली जाते. पेटीच्या तळाशी पाणी, त्या पाण्यात बुडालेला पंप, पेटीच्या पायाशी सांडलेले पाणी आणि त्यात अनवाणी उभा असलेला माणूस! कूलरचा कारागीर कुशल असतो यात शंका नाही. नागपूरच्या बाजारातून पंखा, पंप, ताट्या आणून स्थानिक लोहाराकडून पेटी ठोकून घेतली की स्वस्तात उत्तम हवा मिळते. परंतु त्या कूलरची विजेची जोडणी बहुधा कोणाच्याच जबाबदारीची नसते. लोहार पेटी देतो, दुकानदार पंप देतो आणि तारा जोडतो घरातला थोरला मुलगा.

पत्र्याच्या पेटीत वीज येते तरी कशी, हे समजून घेणे अगत्याचे आहे. पंपाच्या आतील गुंडाळीवरचे वेष्टण जुने झाले की पाणी तेथवर पोहोचते आणि टाकीतील सगळे पाणीच विजेच्या दाबाखाली येते. तार पत्र्याच्या कापलेल्या कडेवरून आत घेतलेली असते. पंखा थरथरतो, कड करवतीसारखी घासते आणि एके दिवशी तांबे उघडे पडते. तार लांबविण्यासाठी केलेला जोड काळी पट्टी गुंडाळून टाकीतच सोडलेला असतो. मोटारीच्या कंडेन्सरवरचे झाकण उडालेले असते. यांपैकी एकही गोष्ट बाहेरून दिसत नाही. कूलर चालू राहतो, हवा गार येते, आणि पेटीला हात लागला की मग कळते.

धक्क्याचे गणितही लक्षात ठेवण्यासारखे आहे. शरीरातून एक मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग, प्रवाह गेला की झिणझिण्या जाणवतात. दहा-पंधरा मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आवळले जातात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. ‘वीज चिकटवून घेते’ असे लोक म्हणतात ते यामुळे. चिकटवून घेणारे असतात ते आपलेच स्नायू. तीसच्या पुढे श्वास अडखळतो आणि शंभराच्या आसपास हृदयाची लय बिघडते. ओल्या अंगाचा रोध हजार ओम धरला तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. आता फ्यूजकडे पाहावे. घरातील सामान्य फ्यूज पाच अँपिअरचा, म्हणजे ५००० मिलिअँपिअरचा असतो. माणसाचा प्राण जाण्यास लागतो त्याच्या कित्येक पटींनी अधिक प्रवाह गेल्याशिवाय फ्यूजला काही कळतच नाही. फ्यूज काय किंवा नवा एम.सी.बी. काय, ती तारेची राखण आहे, माणसाची नव्हे. ‘आमच्या घरी एम.सी.बी. आहे’ असे निश्चिंतपणे सांगणाऱ्यांची समजूत येथे दुरुस्त व्हावयास हवी.

माणसाची राखण करणाऱ्या गोष्टी दोन. एक अर्थिंग आणि दुसरी गळतीरोधक खटका.

तीन पिनांच्या प्लगमधील वरची जाड पिन अर्थिंगची असते. ती मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे प्लग घालताना ती सर्वांआधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. जाड अशासाठी की ती चुकूनही विजेच्या भोकात शिरू नये. इतका विचार करून बनविलेली ही पिन आपल्याकडे सर्वांत आधी मोडली जाते, कारण घरातले सॉकेट दोन पिनांचे असते! पंपाबरोबर आलेली हिरवी किंवा हिरवी-पिवळी तार ‘हिचे काही काम नाही’ म्हणून कापून टाकलेली पुष्कळ ठिकाणी दिसेल. हिचेच खरे काम असते. पंखा, पंप आणि पेटीचा पत्रा, तिन्ही या तारेने एकमेकांस व सॉकेटच्या वरच्या भोकास जोडले गेले पाहिजेत. पत्र्यावरील रंग खरवडून, नट-बोल्ट व वॉशर घालून ही तार घट्ट बसवावी. रंगावर बसविलेली तार जोडलेली नसल्यासारखीच समजावी.

पण ती तार पुढे कोठे जाते? घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात. येथे कूलरच्या बाबतीत एक विचित्र अडचण आहे. भारतीय मानकाप्रमाणे अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला नळ जमिनीत उभा पुरतात किंवा निदान ६० सेंटिमीटर लांब-रुंद धातूची पाटी पुरतात आणि भोवती कोळसा व मीठ घालतात. जमीन ओली असेतोवर हा खड्डा विजेला वाट देतो. येथील काळी माती चैत्रातच भेगाळते, मुरमाची जमीन तर त्याआधी वाळते. म्हणजे कूलर ज्या महिन्यांत चालतो, नेमके त्याच महिन्यांत अर्थिंग सर्वांत दुबळे असते. समजा, खड्ड्याचा रोध पाच ओम आहे. पेटीत वीज उतरली तर चाळीस-पंचेचाळीस अँपिअरचा लोंढा जमिनीत जाईल आणि फ्यूज क्षणात जळेल; घरात अंधार होईल, पण माणूस वाचेल. तोच खड्डा वाळून रोध पन्नास ओम झाला तर प्रवाह साडेचार अँपिअरच्या आसपास राहील. पाच अँपिअरचा फ्यूज तो निमूटपणे वाहू देईल आणि पेटीवर जवळजवळ सगळा दाब तसाच उभा राहील. अर्थिंग आहे, फ्यूज आहे, तरीही पेटी प्राणघातक, अशी ही अवस्था होय. म्हणून उन्हाळाभर, निदान एक दिवसाआड, या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतण्याची शिस्त घरोघर लागली पाहिजे. कूलरमधून आठवड्याला काढून टाकावयाचे शिळे पाणीच त्या खड्ड्यात गेले तर एका कामात दोन कामे होतील. कूलरचे पाणी आठवड्याला बदलणे डेंग्यूच्या डासांसाठी तसेही आवश्यकच आहे.

अर्थिंगचा खर्च टाळण्यासाठी काही पळवाटा काढल्या जातात. त्यांपैकी सर्वांत वाईट म्हणजे सॉकेटमध्येच अर्थिंगची पिन न्यूट्रलच्या तारेला जोडणे. पाहणाऱ्याला वाटते, सारे ठीक आहे. पण खांबापासून घरापर्यंत कोठेही न्यूट्रल तुटली की कूलरची पेटी, फ्रीजचे दार, पाण्याच्या मोटारीचा सांगाडा, सगळे एकदम फेजच्या दाबावर येते, आणि तेही कोणतेच उपकरण बिघडलेले नसताना! दुसरी पळवाट हातपंपाला किंवा नळाच्या पाइपाला तार बांधण्याची. आज पुष्कळ पाइप प्लॅस्टिकचे आहेत, त्यांतून वीज जमिनीत जात नाही. आणि हातपंपाला बांधलेली तार शेजारच्या बाईच्या हाती वीज देते.

गळतीरोधक खटका, ज्याला दुकानात आर.सी.सी.बी. म्हणतात आणि जुने वायरमन अजूनही ई.एल.सी.बी. म्हणतात, तो अर्थिंगच्या दुबळेपणावरचा उतारा आहे. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने परत आला पाहिजे, एवढा एकच हिशेब हा खटका सतत ठेवतो. जावयास गेले तेवढे परत आले नाही, मधल्या मध्ये कोठे तरी जमिनीत झिरपले, की तो वीज तोडतो. घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचाच घ्यावा. एवढी गळती होताच एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी वेळात तो सुटतो, आणि गळती मोठी असेल तर त्याहून पुष्कळ लवकर. पन्नास ओमांच्या वाळक्या खड्ड्यातून जाणारे साडेचार अँपिअर फ्यूजला थोडे वाटतात. या खटक्याला ते दीडशेपट आहेत. त्यावर ‘टी’ अक्षराचे एक बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. खटका खाली पडला नाही तर तो निकामी झाला असे समजावे. हे बटण केवळ खटक्याची परीक्षा घेते, अर्थिंगची नव्हे.

जुन्या घरात हा खटका बसविल्यावर तो वारंवार पडतो आणि घरातील मंडळी वैतागून तो काढावयास सांगतात. येथे वायरमनने त्यांचे ऐकू नये. खटका पडतो याचा अर्थ घरात कोठे तरी वीज झिरपत आहे. एकेक उपकरण काढून पाहिले की गळतीची जागा सापडते, आणि बहुतेक वेळा ती जागा कूलरचा पंपच असतो.

आणखी एक दोष वायरिंगमध्ये लपलेला असतो. खटक्याची तार फेजवर असावयास हवी, ती घाईत न्यूट्रलवर पडते. मग बटण बंद केले की पंखा थांबतो, पंप थांबतो, पण आतील तारांवर वीज तशीच उभी असते. गृहिणी बटण बंद करून निर्धास्तपणे पाणी भरावयास जाते. म्हणून बटणावर विसंबू नये. पाणी भरण्यापूर्वी प्लग सॉकेटमधून उपटून काढावा, तो डोळ्यांसमोर लोंबकळताना दिसावा आणि मगच टाकीचे दार उघडावे. सॉकेट कूलरच्या मागे किंवा खिडकीबाहेर न ठेवता खोलीच्या आत, छातीच्या उंचीवर असले तर हे सोपे जाते. जेथे रबरी नळीने पाणी भरतात तेथे नळी आधी लावावी, प्लग नंतर. तार पेटीत शिरते त्या भोकात रबराची चकती बसविण्यास दोन-चार रुपये पडत असतील. तिच्याअभावी तार कापली जाते.

एखाद्याला धक्का लागलाच तर काय करावे, हे मुलांना शाळेतच शिकविले गेले पाहिजे, कारण अशा वेळी घरात बहुधा मुलेच असतात. चिकटलेल्या माणसाला हात लावावयाचा नाही. आधी मेन स्विच पाडावयाचा. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने तार किंवा हात बाजूला सारावयाचा. सुटलेला माणूस श्वास घेत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने, सुमारे दोन इंच खोल दाब देत राहावयाचे आणि दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावयाची. वाळूत पुरणे, शेणाने लिंपणे असले उपाय अजूनही ऐकू येतात. त्यांत मोलाची मिनिटे जातात.

कूलर बसविणाऱ्या प्रत्येकाने उन्हाळ्याच्या आरंभी परवानाधारक वायरमनकडून एकदा घराचे अर्थिंग मोजून घ्यावे. गावातील खांबावरची तार लोंबत असेल, न्यूट्रल ढिली असेल किंवा दाब अचानक वरखाली होत असेल तर १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ते काम घरमालकाचे नाही, वितरण कंपनीचे आहे. ग्रामपंचायतीची इमारत, आरोग्य केंद्र, अंगणवाडी आणि शाळा या ठिकाणच्या कूलरांची तपासणी तर सर्वांआधी व्हावी, कारण तेथे हात लावणारे अनेक आणि जबाबदार एकही नाही, अशी स्थिती असते. मुख्याध्यापकांनी व ग्रामसचिवांनी कूलर सुरू करण्यापूर्वी तपासणीची तारीख पेटीवरच रंगाने लिहून ठेवल्यास पुढच्याला विचारावयास जागा राहील.

पाऊस लागून नदीला पाणी आले आणि पोळा जवळ आला की गावातले कूलर रिकामे होऊन माळ्यावर किंवा पडवीत जातात. टाकी कोरडी करून पंप बाहेर काढावा, तार गुंडाळताना तिच्या पूर्ण लांबीवरून बोट फिरवावे, आणि कोठे चीर किंवा जुना जोड लागला तर ती तार त्याच दिवशी बदलावी. फाल्गुनात कूलर खाली उतरतो तेव्हा ऊन चढलेले असते आणि घरात लहान मूल घामाने रडत असते. त्या वेळी तार कोणी पाहत नाही.